खालच्या डाव्या कोपऱ्यातली सावली

४ सप्टेंबर

आज तळ्याकाठी अशी काही आपटले की आसपासची बदकंसुद्धा दचकून उडाली. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला, गळ्यातला कॅमेरा उसळला आणि थेट उजव्या भुवईवर बसला. चष्मा उडून गवतात पडला म्हणून वाचला. फिल्टरची पिशवी मात्र पाण्यात गेली. पंधरा वर्षं एकेक करून जमवलेले फिल्टर बुडताना मी काठावर बसून बघत होते. बघत होते म्हणजे नुसतं म्हणायचं, चष्म्याशिवाय मला पाणी कुठे संपतं आणि पायरी कुठे सुरू होते तेही कळत नाही.

संध्याकाळी नवरोबा बसची फेरी संपवून आले आणि टेंगूळ बघून त्यांनी फडक्यात बर्फ बांधला.

"डोळ्याला नाही ना लागलं?"

"भुवईला लागलंय."

"भुवई डोळ्याला चिकटूनच असते गं."

लहानपणी डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, उणे अकरा नंबरच्या पोरीने डोक्यावर पडायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. त्यापायी माझ्या मैत्रिणी दोरीवरच्या उड्या मारायच्या आणि मी त्यांचे आकडे मोजायचे. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी पडून घेतलं एकदाचं, आणि काही झालं नाही. टेंगूळ तेवढं आहे.

६ सप्टेंबर

नवे फिल्टर यायला महिना लागेल म्हणाले. मला कुठला धीर! नवरोबांचा गाडी चालवायचा काळा गॉगल घेतला, तोच जो घातला की समोरच्या काचांवरची चकाकी जाते. छोटी लेन्स लावली, तिच्यापुढे गॉगलची एक काच रबरबँडने बसवली आणि पुन्हा त्याच पायरीवर गेले (या वेळी बसून). गॉगल हळूहळू फिरवत गेले तशी पाण्यावरची चकाकी विरत गेली आणि एका ठिकाणी तर पाणी जणू उरलंच नाही. तळातले गोटे, बुडालेली फांदी, आणि दोन हात खोल माझी पिशवी. तोंड उघडं.

फोटो इतका चांगला आलाय की मलाच त्याची थोडी भीती वाटते.

१३ सप्टेंबर

हा दिवस लाल शाईने लिहायला हवा, पण लाल पेन वाळलंय.

तळ्याचा फोटो मी वन्संच्या चष्म्याच्या दुकानात लावला होता. वन्सं म्हणजे नवरोबांच्या थोरल्या बहीण, तीस वर्षं चष्मे करतात. त्यांना माल पुरवणाऱ्या गॉगल कंपनीचा माणूस आला, त्या फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, असे बारा करून द्या, आम्ही कॅलेंडर काढतो. प्रत्येक महिन्याला एक फोटो, प्रत्येक फोटो वेगळ्या चष्म्यातून काढलेला, आणि खाली माझं नाव. बारा फोटो ऑक्टोबरअखेर हातात हवेत.

बाबांच्या मागे हा स्टुडिओ मी बावीस वर्षं चालवला. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. हजारो चेहरे काढले आणि एकाही फोटोखाली माझं नाव नाही. आता लोक मोबाइलवरच आपला चेहरा काढतात आणि माझ्याकडे फक्त छापायला येतात. हे कॅलेंडर मला हवंय. इतकं हवंय की सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहिते.

१५ सप्टेंबर

वन्संनी दुकानातला सगळ्यात खालचा खण उघडून दिला. लोक दुरुस्तीला चष्मा टाकतात आणि परत न्यायला येत नाहीत, ते सगळे इथे. प्रत्येकाचं पाकीट, वर नुसता आकडा. शंभरेक तरी असतील.

"घे यातले हवे ते," म्हणाल्या.

जवळ बघायचे, दुभागलेल्या काचांचे, पिवळे, ओरखडे पडून धुरकट झालेले. एक माझ्यासारखाच निघाला, जाड, उणे दहा की अकरा.

"हा माणूस चष्म्याशिवाय घरी कसा गेला?" मी विचारलं.

"दुसरा असेल त्याच्याकडे. तशी मी वर्षभर वाट बघते. पण जाड काचांचे लोक आले नाहीत की मला धास्ती वाटते." मग माझ्याकडे निरखून बघत, "छबी, तुझे डोळे कधी तपासले होते शेवटचे? सहा वर्षं झाली. बस खुर्चीत. नंबर मी काढते आणि आतला भाग त्या समोरच्या डॉक्टरकडून बघून घेऊ. थेंब घालून पाच मिनिटांत होतं."

"थेंब घातले की दिवसभर सगळं धूसर, ताई. माझा दिवस फुकट जाईल. कॅलेंडर झालं की येते."

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. लग्न ठरत होतं तेव्हा याच वन्सं माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, मुलगी छानच आहे, पण तो चष्मा आहे की बाटल्यांची बुडं? सव्वीस वर्षं झाली. छबी हे लाडाचं नावही त्यांनीच दिलं, जीवही लावला. पण त्यांच्या त्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसायचं म्हटलं की ती बुडं आठवतात.

१९ सप्टेंबर

पिवळ्या काचेतून धुक्यातला पूल. धुकं कापसासारखं वेगळं झालं आणि पुलाची कडी न् कडी दिसायला लागली. जवळच्या चष्म्याची काच लेन्सपुढे धरून मिठाचे दाणे काढले, एकेक दाणा एखाद्या खोलीएवढा. दोन दिवसांत दोन महिने झाले. तब्येतीत काम चाललंय.

२२ सप्टेंबर

स्टुडिओत चिलटं झालीत. कागद कापायला बसले की डोळ्यांसमोर दोन-तीन घिरट्या घालतात, हात मारला की सापडत नाहीत.

२६ सप्टेंबर

विचित्र प्रकार. आतल्या अंधाऱ्या खोलीत पडदे बदलत होते, तर उजवीकडे फ्लॅश चमकला. वळून बघते तर फ्लॅश बंद. पाच मिनिटांनी पुन्हा. म्हटलं आत काहीतरी जळतंय, बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. तरीही चमकला.

बॅटऱ्या माझ्यासमोर टेबलावर होत्या. चारही.

नवरोबांना सांगितलं तर म्हणाले, "जुन्या यंत्रात करंट साठून राहतो." त्यांना बसच्या इंजिनातलं कळतं, म्हणून मी मान्य केलं. फ्लॅश कपाटात कोंडून ठेवलाय.

१ ऑक्टोबर

पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरकडून त्याचा जोडकामाचा चष्मा मागून आणला. काचेतून नुसतं बघितलं तर भरदुपारीही काळोख. ती काच लेन्सपुढे बसवून बाजाराच्या चौकावर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि पूर्ण चाळीस सेकंद उघडा ठेवला. ऐन गर्दीची वेळ. चालणारी माणसं उमटतच नाहीत, स्थिर असेल तेवढंच राहतं.

फोटोत रिकामा चौक आलाय. उघडी दुकानं, ढीग लावलेली फळं, उभ्या सायकली, आणि माणूस एकही नाही. एका बाकावर तेवढा कोणीतरी झोपलेला आहे. काचेमुळे सगळ्यावर हिरवट झाक होती, म्हणून काळापांढरा केला. वेल्डरला दाखवला तर त्याने तो उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाला, "बाई, हा घरात लावू नका हं."

मला सातही फोटोंत हाच आवडतो.

४ ऑक्टोबर

वेल्डरचा चष्मा धुऊन घ्यायला हवा होता. आज सकाळी उजव्या डोळ्यासमोर काजळी झाल्यासारखं झालं. एकदम, भांडं खरवडल्यावर उडते तशी. काळे ठिपके, एक लांब केसासारखी वळवळ, डोळा फिरवला की तीही फिरते. डोळे पाण्याने धुतले, चष्मा साबणाने धुतला, कॅमेऱ्याची काच पुसली. थोडी कमी झाली आहे की सवय झाली, कोण जाणे. चष्मा वेल्डरला परत केला.

दुपारी वन्संचा फोन. "खुर्ची वाट बघतेय."

"सात झाले, ताई, पाच राहिलेत."

"फोटो पळून जाणार आहेत का?"

"तारीख पळतेय ना."

९ ऑक्टोबर

दुभागलेल्या काचेतून आज दाराचा फोटो. वरच्या भागात लांबचं दार, खालच्या भागात हातातलं पत्र, दोन्ही स्पष्ट. जमायला तीन तास लागले, कारण चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सावली येत होती. चष्म्याची कड मध्ये येत असणार. काच सरकवली, तरी सावली तिथेच. शेवटी वैतागून तशीच काढली.

छापून बघितलं तर कोपरा लख्ख. सावलीचा मागमूस नाही!

म्हणजे फोटोत येत नाही, बघताना येते. चला, कॅलेंडरचं तरी नुकसान नाही.

१० ऑक्टोबर

आज लेन्सपुढे कुठलीही चष्म्याची काच न बसवता नुसत्या कॅमेऱ्यातून बघितलं. सावली आहे. तेव्हा लक्षात आलं, उजवा डोळा लावला की डावीकडे माझं नाकच येतं! मोठ्याने हसले एकटीच. इतकी वर्षं नाक कुठे होतं, हा प्रश्न नंतर पडला.

कोणी म्हणेल मागच्या पडद्यावर बघून काढावेत फोटो. ते मला जमत नाही. बाबा म्हणायचे, डोळा लावल्याशिवाय फोटो आपला होत नाही. आणि डाव्या डोळ्याला काम सांगायची सोय नाही, तो बिचारा आयुष्यभर मिटायलाच शिकलाय.

१२ ऑक्टोबर

सावली थोडी वर आली आहे. मी मोजलं. समोरच्या भिंतीवरच्या विटा मोजल्या, परवा तीन थर झाकले जात होते, आज पाच. कॅमेऱ्यातला आरसा सुटत असणार.

कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. बाबांच्या वेळचा माणूस, आता हात कापतात पण स्क्रू अजून पहिल्या फटक्यात बसवतो. काकांनी सगळं उघडलं, फुंकर मारली, भिंगातून बघितलं, पुन्हा जोडलं.

"पोरी, कॅमेऱ्यात काही नाही."

"मला दिसतंय ना, काका."

"मला नाही दिसत." काकांनी कॅमेरा खाली ठेवला, पण हात त्याच्यावरच ठेवला. "तुझे बाबाही असेच यायचे. त्यांचा वरचा कोपरा होता. मी त्यांचाही कॅमेरा तीनदा उघडला."

"मग?"

"मग त्यांनी कॅमेरा आणणंच बंद केलं."

काका आणखी काहीतरी बोलणार होते, पण मला उशीर होत होता. परत येताना वाटलं, माणूस थकला की हार कबूल करत नाही. बाबांचा कॅमेरा यांना दुरुस्त करता आला नाही, माझाही येत नाही.

१५ ऑक्टोबर

काय शोध लागलाय मला!

माळ्यावरून बाबांचा जुना कॅमेरा काढला. बाबांनी एका रविवारी तो झाकून ठेवला तो ठेवलाच. आई सांगायची, कंटाळले. माझं तेव्हा वीस वय, मला वाटायचं माझ्यावर रागावलेत, कारण त्यानंतर ते माझ्याशी बोलताना तोंड जरा बाजूला करूनच बसायचे, डावा गाल माझ्याकडे. तोऱ्यात बसल्यासारखे. जेवतानासुद्धा.

तर तो कॅमेरा पुसला, डोळा लावला. सावली! तीच, तिथेच, खालच्या डाव्या कोपऱ्यात!

म्हणजे बाबा कंटाळले नव्हते, त्यांच्या कॅमेऱ्यात खोट होती. काकांना ती सापडली नाही आणि बाबांनी हातातलं काम टाकून दिलं. किती वर्षं मी मनात धरून बसले होते. आज बाबांवरचा राग गेला. थोडं रडूही आलं.

दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत एकच खोट कशी, याचा विचार उद्या करेन. बहुधा काकांचीच काहीतरी बसवायची पद्धत चुकीची आहे, दोन्ही कॅमेऱ्यांना त्यांचाच हात लागलाय.

१६ ऑक्टोबर

सावली सकाळी कमी असते, दुपारनंतर वाढते. उष्णतेने काहीतरी फुगत असणार. म्हणून आता फोटो सकाळीच. नऊ झाले. ओरखड्यांच्या धुरकट काचेतून आरशाजवळचा दिवा काढला, उजेड दुधासारखा पसरला. दहावा पोहण्याच्या चष्म्यातून, उद्या.

१७ ऑक्टोबर

दहा. अकरावाही उरकला, लाल-निळ्या कागदी चष्म्यातून जिन्याची सावली दोनदा टिपून. घाई केली. कारण आता मला वाटतंय की घाई करायला हवी, का ते सांगता येणार नाही.

कॅमेऱ्यातून बघताना वाटतं, चौकटीत काळं पाणी चढतंय. आज अर्ध्यापाशी आलं.

१८ ऑक्टोबर

चहा कपाबाहेर ओतला. थोडाथोडका नाही, अख्खी धार बशीच्या पलीकडे, नवरोबांच्या पायावर. ते ओरडले नाहीत, हे जास्त वाईट वाटलं. नुसते बघत राहिले.

"तुला दाराची चौकट सरळ दिसते का गं?" असं एकदम का विचारलं कोण जाणे. मी म्हटलं, दिसते. मग डावा डोळा सहज चोळताना मिटला गेला आणि चौकट मध्येच वाकलेली दिसली, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी. हा चष्मा आता बदलायला हवा, काच हलली असणार.

"ताईला बोलावू का?"

"फोटो बघायला उद्या त्या येणारच आहेत," मी म्हटलं.

१९ ऑक्टोबर

घडलं तसं लिहून ठेवते. हॉस्पिटलात आहे, वेळ आहे.

वन्सं सकाळी स्टुडिओत आल्या. अकराही फोटो टेबलावर मांडले. त्यांनी एकेक उचलून बघितला, आणि चौकाचा फोटो बघून "बाई गं" म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी लगेच तक्रारीवर आले.

"पण ताई, तुमच्या खणातल्या चष्म्यांत खोट आहे. सगळ्यांत."

"कसली खोट?"

मी दाखवायला लागले. कॅमेरा बाजूला ठेवला, पाकिटातून एकेक चष्मा काढून, डावा डोळा मिटून, उजव्यापुढे धरला. "हा बघा, यात खालून अर्धं काळं. हा पिवळा, यातही तसंच. हा जाडवाला, यातही. हा पोहण्याचा..." मला चेव चढला होता. टेबलावर चष्म्यांचा ढीग झाला.

वन्संनी माझ्या हातातला चष्मा काढून घेतला. ढीग बाजूला सारला. माझ्या नाकावरचा माझा चष्माही काढला आणि आपला चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला, अगदी चार बोटांवर, कारण चष्म्याशिवाय मला तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसतं हे त्यांना ठाऊक आहे. इतक्या जवळून मी वन्संना कधी बघितलं नव्हतं. पापण्यांतले दोन केस पिकलेत.

"डावा डोळा झाक, छबी. हाताने झाक. आता काय दिसतं?"

"तुम्ही."

"मी म्हणजे काय काय?"

"कपाळ. भुवया. डोळे."

"आणि नाक, तोंड?"

तोंड नव्हतं. भुवयांखाली डोळे होते आणि त्याखाली काळं होतं. आवाज त्या काळ्यातून येत होता.

"तिथे सावली आहे," मी म्हटलं.

"चष्मा कुठाय तुझ्या डोळ्यावर?"

"नाही."

"कॅमेरा?"

हात तसाच डाव्या डोळ्यावर होता. वन्संचे डोळे भरून आले आणि पाणी खाली घरंगळलं, आणि ते जिथे काळ्यात शिरलं तिथून पुढे मला दिसलं नाही.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नऊ तारखेपासून. म्हणजे दहा दिवस. मग चिलटं आठवली, बॅटऱ्या काढलेला फ्लॅश आठवला, काजळी आठवली. हे सगळं मी स्वतःच या वहीत तारखेनिशी लिहून ठेवलंय. आताच मागे जाऊन वाचलं. माझ्याच अक्षरात आहे.

वन्संनी रिक्षा बोलावली. वाटेत माझा हात धरून बसल्या होत्या आणि मी मूर्खासारखी सांगत होते की बारावा फोटो राहिलाय.

डॉक्टर तरुण आहेत. थेंब घालून, दिवा मारून खूप वेळ बघत राहिले. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटलाय, म्हणाले, वरून सुटला की खालून अंधार चढतो. मार लागला होता का? लागला होता, पंचेचाळीस दिवसांपूर्वी, तळ्याकाठी. "चमक दिसली त्याच दिवशी आला असतात, तर खुर्चीत बसल्या बसल्या लेझरने झालं असतं काम." आता शस्त्रक्रिया, उद्या सकाळी. पडद्याचा मधला भाग, ज्याने बारीक आणि सरळ दिसतं, तोही सुटलाय, कालपरवापासून. किती परत दिसेल सांगता येत नाही.

चौकट वाकलेली दिसली ती कालच. नवरोबांनी विचारलं होतं आणि मी सरळ दिसते म्हणाले.

२६ ऑक्टोबर

सहा दिवस पालथी आहे. डोळ्यात हवेचा फुगा सोडलाय, तो वर जाऊन पडद्याला दाबून धरतो, म्हणून मान खाली घालूनच राहायचं, जेवताना, बोलताना, झोपताना. वही जमिनीवर ठेवून जुन्या चष्म्यातून डाव्या डोळ्याने लिहिते. ओळी वाकड्या जात असतील.

सकाळी आईचा फोन आला. मी तिला विचारलं, बाबांनी कॅमेरा का ठेवला?

तिने आधी तिकडचा टीव्ही बंद केला.

"उजवा डोळा गेला होता त्यांचा," म्हणाली. "कॅमेरा बिघडलाय म्हणत महिनाभर काढला, मग उशीर झाला."

"मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हणाले, पोरीला सांगू नकोस. तिचाही नंबर जाड आहे, जन्मभर धास्ती घेऊन बसेल."

बाबा माझ्याकडे डावा गाल करून बसायचे कारण त्यांना त्या बाजूच्या डोळ्यानेच मी दिसायचे. एवढंच होतं. ते मला बघत होते. मी वीस वर्षांची घोडी, मला वाटलं तोरा आहे. आणि त्यांनी सांगितलं असतं तर मी त्या फ्लॅशच्याच दिवशी धावत सुटले असते. आईवर चिडावं की बाबांवर, कळत नाही. मान खाली असली की रडणंही धड होत नाही, पाणी सरळ वहीवर पडतं.

नवरोबा रजा टाकून घरी आहेत. स्वयंपाक करतात, मीठ दोनदा घालतात, आणि दर तासाला विचारतात, "आता काय दिसतंय?" मी म्हणते फुगा. खरंच फुगाच दिसतो, त्याची गोल कड हलते, पलीकडे उजेड आहे की नाही तेवढं कळतं.

कंपनीच्या माणसाला वन्संनी अकरा फोटो नेऊन दिले. तो म्हणाला, बाराव्यासाठी थांबतो. कोणी सांगितलं त्याला थांबायला, माहीत नाही.

दुपारी वन्सं आल्या. पालथ्या माणसाला भेटायला आलेल्यांची फक्त पावलं दिसतात. त्यांची रुंद, डाव्या टाचेला भेग पडलेली.

"तुझा चष्मा नेते," म्हणाल्या. "डावी काच नवी करते. उजवीचा नंबर आत्ता काढता येणार नाही. डॉक्टर म्हणाले तीन महिने बघू, मग ठरवू की..."

कागद कुरकुरला, पाकीट असणार. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. सवयीने त्या नाव लिहीत नाहीत, आकडाच घालतात.

"ताई," मी जमिनीकडे बघत म्हटलं, "खालच्या खणात टाकू नका. मी न्यायला येणार आहे."

पर्सची चेन लागल्याचा आवाज ऐकू आला. पण पावलं तिथेच होती. मी बराच वेळ बघत राहिले, ती हलली नाहीत.